दोन आकाशे : भारतीय भाषांतील बालकांचा ग्रहपरिचय

१. विषय आणि त्याची व्याप्ती

ग्रहगोलांविषयी लहान मुलांसाठी जे लेखन होते, त्याचा विचार आपल्याकडे बहुधा शिक्षणशास्त्राच्या किंवा विज्ञानप्रसाराच्या चर्चेत होतो. साहित्याच्या अभ्यासकांनी, विशेषतः तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी, त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. 'माहितीपर' असा शिक्का बसला की ते लेखन वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेर जाते. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला आकाश मात्र दुर्बिणीतून किंवा सूत्रांतून भेटत नाही. अंगाईगीत, कहाणी, वारांची नावे, सणांचे विधी, पाठ्यपुस्तकातील परिच्छेद अशा भाषिक रूपांतून ते भेटते. ही रूपे भाषेगणिक बदलतात, एका भाषेतून दुसरीत जातात आणि एकाच मुलाच्या मनात शेजारी शेजारी राहतात. तौलनिक अभ्यासाचा हा स्वाभाविक विषय आहे.

प्रस्तुत लेखात मराठीला केंद्रस्थानी ठेवून, बंगाली, हिंदी, तमिळ इत्यादी भाषांशी तुलना करीत, या परिचयाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मुख्य प्रतिपाद्य थोडक्यात असे. भारतीय मुलाच्या वाट्याला बहुधा दोन आकाशे येतात : एक घरच्या भाषेतले, नात्यागोत्याचे, दुसरे शाळेच्या भाषेतले, अंतरांचे आणि आकड्यांचे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत तर या दोहोंच्या मध्ये तिसरी भाषाही उभी असते. ही आकाशे एकमेकांना भेटली नाहीत, तर ग्रहांची इंग्रजी नावे ओळीने म्हणणाऱ्या मुलाला आजी जिला शुक्राची चांदणी म्हणते तीच आपल्या पुस्तकातील व्हीनस, हे ठाऊक नसते. बालकांसाठीच्या खगोललेखनाची खरी कसोटी या भेटीची आहे. आजवरच्या उत्तम लेखकांनी ती कशी साधली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

२. नात्याचे आकाश

मराठी मूल ज्या आकाशाखाली वाढते त्यात चंद्र हा मामा असतो. हिंदीत तो चंदामामा आहे, बंगालीत चाँदमामा, तेलुगूत चंदमामा, तमिळमध्ये अंबुलिमामा, मल्याळममध्ये अंबिळी अम्मावन. आर्य आणि द्राविड या दोन्ही भाषाकुलांत चंद्राचे हे एकच नाते टिकून असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळ या भाषांत सुरू झालेल्या मुलांच्या मासिकाने हेच नाते आपल्या नावासाठी निवडले आणि पुढे अनेक भारतीय भाषांत ते याच नावाच्या रूपांतरांनी गेले. १९५२ साली निघालेल्या मराठी आवृत्तीचे नाव मात्र 'चांदोबा' असे होते. या 'बा' प्रत्ययाची जातकुळी पाहण्यासारखी आहे. विठोबा, खंडोबा ही दैवते आणि वाघोबा, नागोबा ही बालभाषेतील प्राणिसृष्टी, दोन्हीकडे तो चालतो. आदर आणि सलगी एकाच प्रत्ययात सामावून घेण्याची ही मराठीची खास सोय आहे.

मामाच का, काका का नाही, याची एक परंपरागत उपपत्ती समुद्रमंथनाच्या कथेत दाखवली जाते : लक्ष्मी आणि चंद्र दोघेही समुद्रातून आले, म्हणून लक्ष्मीमातेचा तो भाऊ. मराठी घरात याहून जवळचा आधार सापडतो. भाऊबीजेला बहीण आधी चंद्राला ओवाळते आणि मग भावाला. जिला भाऊ नाही ती चंद्रालाच भाऊ मानते. आईचा भाऊ तो मुलाचा मामा, इतके हे सरळ आहे. मुलाच्या दृष्टीने मामाचे घर लांब असते, पण परके नसते. दूर असूनही आपला असणे, ही चंद्राची पहिली व्याख्या मुलाला नातेवाचक शब्दातून मिळते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, त्या संध्याकाळच्या भाषणात पंतप्रधानांनीही चंदामामाच्या दूरपणाच्या याच लोकरूढीचा आधार घेतला. अंतराळयुगातही रूपक जुनेच उपयोगी पडले.

या नात्याच्या भाषेशी इंग्रजी बालगीताची तुलना केली असता भेद चटकन दिसतो. १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या जेन टेलरच्या 'द स्टार' या कवितेत मूल ताऱ्याला उद्देशून बोलते, पण तारा त्याला अनोळखी असतो आणि बोलण्याचा सूर कुतूहलाचा असतो. मराठीतील सर्वपरिचित चांदोबाच्या गाण्यात मूल चंद्राच्या थकव्याची चौकशी करते आणि तो झाडाआड कुठे दडला याचा शोध घेते. तेथील सूर आपुलकीचा आहे. यावरून दोन संस्कृतींचे दोन स्वभाव ठरवण्याची घाई मात्र करू नये. इंग्रजीतही चंद्रात माणूस दिसतोच. फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आणि सूर्य पुल्लिंगी आहे, जर्मनमध्ये नेमके उलट. आकाशस्थ वस्तूंना व्यक्तित्व देणे ही सार्वत्रिक प्रवृत्ती आहे. ते कोणत्या नात्याने द्यायचे, एवढे प्रत्येक भाषा ठरवते.

मुलाच्या विचारपद्धतीशीही ही भाषा जुळते. आपण चाललो की चंद्र आपल्याबरोबर चालतो, असे लहान मुले मानतात, ही गोष्ट ज्याँ पियाजे यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदवली. जी वस्तू आपल्या मागोमाग येते ती सजीव आणि आपल्याशी संबंध असलेली असणार, हे मुलाचे अनुमान त्याच्या अनुभवाला धरूनच आहे. चांदोमामाची कल्पना या अनुमानाला शब्द देते. तेथेच थांबल्यास मात्र मूल चंद्राच्या मागे येण्याचे कारण शोधत नाही. मामा भाच्यामागे येणारच, असे समजून ते समाधान पावते.

३. शब्दांतील साठलेले अर्थ

दुसरे आकाश शाळेत सुरू होते आणि त्याची पहिली अडचण परिभाषेची असते. 'प्लॅनेट' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील 'भटक्या' असा अर्थ आहे. अरबीतून उर्दूत आलेला 'सय्यारा' हा शब्दही चालणाऱ्याचा, प्रवास करणाऱ्याचा वाचक आहे. संस्कृतातून बहुतेक भारतीय भाषांत आलेला 'ग्रह' हा शब्द मात्र पकडणाऱ्याचा आहे. तमिळमधील 'कोळ्' हा शब्दही घेणे, पकडणे याच अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे. पहिल्या दोन शब्दांत निरीक्षण आहे : स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हे बिंदू सरकतात. दुसऱ्या दोहोंत परिणामाची कल्पना आहे : ते माणसाला धरतात. मराठी मूल 'ग्रह' हा शब्द पाठ्यपुस्तकात वाचण्यापूर्वी घरी 'ग्रहदशा', 'ग्रहशांती', 'साडेसाती' असे शब्द ऐकून असते. पुस्तकातील व्याख्या या ऐकीव अर्थांवर येऊन बसते. ते पुसले जात नाहीत.

संख्येने हा घोटाळा कित्येक वर्षे झाकून ठेवला. परंपरेतील नवग्रहांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू येतात. १९३० साली प्लूटोचा शोध लागल्यानंतर पाठ्यपुस्तकांतील ग्रहही नऊ झाले. आकडा एकच, परंतु याद्या वेगळ्या. दोहोंत समान असे ग्रह पाचच. आपण जिच्यावर राहतो ती पृथ्वी परंपरेच्या यादीत नाही, कारण तेथे ती पाहणाऱ्याची जागा आहे, पाहिली जाणारी वस्तू नाही. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्राग येथील अधिवेशनात प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले आणि ग्रह आठ राहिले. तेव्हापासून निदान आकड्याचा भास तरी संपला. घरी नऊ आणि शाळेत आठ का, असे एखाद्या मुलाने विचारले, तर तो या दोन याद्या शेजारी मांडून दाखवण्याचा उत्तम क्षण होय.

नव्याने सापडलेल्या ग्रहांचे नामकरण हाही भाषांतराचा रोचक प्रांत आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांनी युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो यांना अरुण, वरुण आणि यम म्हटले. वरुण आणि यम ही रोमन देवतांच्या अधिकारक्षेत्राची भाषांतरे आहेत. अरुण या नावात अर्थापेक्षा ध्वनीचा आणि यमकाचा विचार अधिक दिसतो. काही मराठी पुस्तकांत प्रजापती आणि वरुण ही नावे आली, तर मराठी पंचांगांत युरेनससाठी 'हर्षल' हे नाव रुळले. १७८१ साली हा ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे आडनाव मराठी उच्चारात विरघळून त्याला संस्कृत तोंडवळा आला. याच संदर्भात एका मुलीची आठवण उचित ठरेल. प्लूटो हे नाव सुचवले ते ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी हिने. न्याहारीच्या वेळी आजोबांनी वर्तमानपत्रातील शोधाची बातमी वाचून दाखवली आणि पुराणकथा वाचलेल्या त्या मुलीला पाताळाच्या देवाचे नाव आठवले. कथेचे आकाश आणि शोधाचे आकाश तिच्या मनात जोडलेले होते, म्हणूनच ते नाव तिला सुचले.

'स्पेस' या कल्पनेच्या बाबतीत भारतीय भाषा अधिकच विखुरतात. मराठीत अवकाश आणि अंतराळ, हिंदीत अंतरिक्ष, बंगालीत महाकाश, उर्दूत रिक्ततेचा वाचक 'ख़ला', तमिळमध्ये आकाश आणि मोकळी जागा यांचा समास असलेला 'विण्वेळि'. दिल्लीत हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाला 'अवकाश' हा शब्द शाळेच्या सूचनाफलकावर सुट्टी या अर्थाने भेटतो, घरी 'अजून अवकाश आहे' असा वेळेच्या अर्थाने भेटतो आणि मराठी पुस्तकात ग्रहताऱ्यांमधल्या पोकळीच्या अर्थाने. तिन्ही अर्थांत मोकळेपणाचा धागा समान आहे. कोणी तो दाखवला तर शब्द मुलाचा होतो; न दाखवल्यास तीन वेगळे शब्द उरतात.

यापुढचे उदाहरण मराठीचे स्वतःचे आहे. ग्रहणापूर्वी 'वेध लागतात' आणि ते 'पाळायचे' असतात, तेव्हा घरात अन्नपाणी वर्ज्य होते. आकाशाचे निरीक्षण करणे म्हणजेही 'वेध घेणे', आणि जेथे ते करतात ती 'वेधशाळा'. दडून बसण्याची आणि पाहण्याची, दोन्ही क्रिया मराठीने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भीतीपोटी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ आणि २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणांना मात्र सुरक्षित चष्मे घेऊन मुलांना नेणारे पालक आणि शिक्षक मोठ्या संख्येने बाहेर पडले. वेध पाळण्याकडून वेध घेण्याकडे झालेला हा प्रवास एका शब्दाच्या दोन अर्थांमधला आहे.

४. दोन पृथ्व्या

मुलाच्या मनात दोन आकाशे राहतात, या विधानाला बोधात्मक मानसशास्त्रातील संशोधनाचाही आधार मिळतो. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी मुलांच्या अभ्यासात पृथ्वीच्या आकाराविषयीच्या अनेक बालकल्पना नोंदवल्या आहेत. काही मुलांना पृथ्वी सपाट वाटते, काहींना थाळीसारखी. काहींच्या मते ती पोकळ गोल असून आपण तिच्या आत सपाट भूमीवर राहतो. सर्वांत बोलके उत्तर दोन पृथ्व्या मानणाऱ्या मुलांचे आहे. त्यांच्या मते एक पृथ्वी सपाट असते, तिच्यावर आपण राहतो. दुसरी गोल असते, ती वर आकाशात असते, आणि शिक्षक जिच्याविषयी बोलतात ती ही दुसरी.

या मुलांनी खोटे काहीच केलेले नाही. डोळ्यांना दिसणारी भूमी सपाट आहे आणि मोठी माणसे पृथ्वी गोल असल्याचे सांगतात. दोन्ही साक्षी खऱ्या मानायच्या तर पृथ्व्या दोन असल्या पाहिजेत. हैदराबादच्या मुलांचा तशाच प्रकारचा अभ्यास अला समरपुंगवन यांनी या दोघांसह १९९६ साली प्रसिद्ध केला. तेथील अनेक मुलांनी पृथ्वी पाण्यावर आधारलेली असल्याचे सांगितले, आणि संशोधकांनी याचा संबंध भारतीय लोकपरंपरेतील विश्वकल्पनांशी जोडला. पुढे काही संशोधकांनी या पद्धतीवर आक्षेप घेतले : मुलांकडे अशी सुसंगत चित्रे नसतात, सुट्या माहितीचे तुकडे असतात आणि प्रश्न विचारण्याच्या रीतीने उत्तरे बदलतात. हा वाद मानसशास्त्रज्ञांनी मिटवावा. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून एवढे घेता येते की सांगितलेले ज्ञान आणि अनुभवलेले जग यांच्या सांध्यावर मूल स्वतः एक कथा रचते, आणि त्या कथेची सामग्री त्याच्या भाषेतून येते.

'खाली' हा शब्द घ्यावा. पृथ्वी गोल असेल तर खालच्या बाजूची माणसे पडत का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक भाषेतील मूल विचारते. 'गुरुत्वाकर्षण' हा सहा अक्षरी शब्द उत्तर म्हणून दिला जातो आणि मूल तो पाठ करते. वास्तविक उत्तर 'खाली' या शब्दाच्या अर्थात आहे : खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, मग तुम्ही कोठेही उभे असा. चेंडूवर मुंग्या कशाही चालल्या तरी त्यांचे पाय चेंडूकडेच असतात, एवढे दृश्य या वयाला पुरते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना हावभाव, प्रतिकृती आणि आकृती यांचा कसा उपयोग होतो, याचा अभ्यास केला आहे. शब्दाआधी शरीराला समजावे, ही दिशा त्यातून सूचित होते.

५. परिचयाच्या रीती : काही पूर्वसूरी

मराठीत या लेखनाची परंपरा जुनी आहे. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या १८९६ सालच्या ग्रंथामुळे विद्वन्मान्य झालेले शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे पेशाने शिक्षक होते. सामान्य वाचकासाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे पर्यायी नाव दिले. त्या पर्यायी नावात एक संपूर्ण अध्यापनदृष्टी आहे. वेळ रात्रीची, म्हणजे पुस्तक मिटून अंगणात जाण्याची. अवधी दोन घटकांचा, म्हणजे पाऊण तासाच्या आसपासचा, लक्ष टिकेल एवढाच. आणि हेतू मौजेचा.

बंगालीत शांतिनिकेतनचे शिक्षक जगदानंद राय यांनी 'ग्रहनक्षत्र' (१९१५) मुलांसाठी लिहिले. पुढे १९३७ साली, वयाच्या श्याहत्तराव्या वर्षी, रवींद्रनाथ ठाकुरांनी 'विश्वपरिचय' लिहून ते सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. हे काम आधी प्रमथनाथ सेनगुप्त या विज्ञानशिक्षकांकडे सोपवले होते. त्यांच्या मसुद्यावर काम करता करता पुस्तक रवींद्रनाथांचे झाले. ते अगदी लहान मुलांसाठी नाही, परंतु त्याची बीजे बालपणातली आहेत. प्रस्तावनेत ते सांगतात की बाराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांबरोबर डलहौसीला असताना देवेंद्रनाथ संध्याकाळी त्यांना ग्रहतारे दाखवीत, सूर्यापासूनची अंतरे आणि प्रदक्षिणेचा काळ सांगत. ऐकलेले त्या मुलाने लिहून काढले. येथे नात्याचे आकाश आणि अंकांचे आकाश एकाच माणसाच्या तोंडून, एकाच भाषेत, एकाच अंगणात आले. पुस्तकातील प्रकरणांची नावे परमाणुलोक, नक्षत्रलोक, सौरजगत्, ग्रहलोक, भूलोक अशी आहेत. 'लोक' हा पुराणपरिचित शब्द त्यांनी टाकला नाही. त्यात नवा आशय भरला.

नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात अलाहाबादहून मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली इंग्रजी पत्रे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली आणि त्यांचा हिंदी अनुवाद प्रेमचंदांनी केला. पृथ्वी सूर्यापासून आणि चंद्र पृथ्वीपासून कसा वेगळा झाला, याविषयी त्यात जे सांगितले आहे ते आज मान्य नाही. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढी एक वस्तू बाल्यावस्थेतील पृथ्वीवर आदळली आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र बनला, हा विचार आज सर्वाधिक मान्यता पावलेला आहे. तरीही ती पत्रे वाचनीय राहतात. बाप लेकीशी बोलतो आहे, हे त्यातील प्रत्येक वाक्यात ऐकू येते. माहिती जुनी होते. संबोधन जुने होत नाही.

मराठीत या संबोधनाचे सर्वांत प्रगल्भ रूप जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याकडे दिसते. त्यांच्या १९९८ सालच्या पुस्तकाचे नावच 'आकाशाशी जडले नाते' असे आहे. संशोधकाने आपल्या विषयाशी असलेला संबंध 'नाते' या घरगुती शब्दात मांडला, ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या प्रतिपाद्याला विशेष पूरक आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करीत. मुलाला नामवंताची सही मिळे, पण त्याआधी त्याला स्वतःच्या भाषेत एक प्रश्न तयार करावा लागे.

६. प्रमाणाचा प्रश्न

पाठ्यपुस्तकातील सूर्यमालेचे चित्र ही मुलाच्या मनावर उमटणारी सर्वांत दृढ प्रतिमा, आणि तीच सर्वांत दिशाभूल करणारी. त्यात ग्रह मोत्यांच्या माळेसारखे खेटून बसलेले असतात. पानाच्या मर्यादेमुळे आकार आणि अंतर दोन्ही एका प्रमाणात दाखवणे शक्यच नसते. हे काम स्वयंपाकघरातील डबे अधिक चांगले करतात.

पृथ्वी म्हणून दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा घ्यावा. मग चंद्र म्हणजे खसखशीचा एक कण, आणि तो मोहरीपासून सहा सेंटिमीटरवर. सूर्य सुमारे २२ सेंटिमीटरचा, म्हणजे फुटबॉलएवढा, आणि मोहरीपासून सुमारे साडेतेवीस मीटरवर. गुरू छोट्या आवळ्याएवढा, सूर्यापासून १२० मीटरच्या पलीकडे. शनी त्याहून थोडा लहान, सव्वादोनशे मीटरवर. नेपच्यून हरभऱ्याच्या दाण्याएवढा, सातशे मीटरवर. म्हणजे फुटबॉल शाळेच्या फाटकात ठेवला तर नेपच्यूनसाठी पुढच्या वस्तीपर्यंत चालत जावे लागेल. सूर्यासारखा सर्वांत जवळचा दुसरा तारा याच प्रमाणात सुमारे साडेसहा हजार किलोमीटरवर, काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या दुप्पट. मधल्या जागेत जवळपास काहीच नाही. 'अवकाश' या शब्दाचा अर्थ मुलाला असा चालून समजतो.

या मांडणीत मोहरी आणि खसखस हे शब्द महत्त्वाचे आहेत. परक्या भाषेतून आणलेल्या पुस्तकात पृथ्वी वाटाण्याएवढी आणि सूर्य भोपळ्याएवढा असला तरी गणित तेच राहील. पण ज्या वस्तू मुलाने हाताळल्या आहेत, सांडल्या आहेत, वेचल्या आहेत, त्यांच्या आकाराची जाण बोटांत असते. बालखगोलाच्या अनुवादात उपमा बदलणे हे म्हणूनच स्वातंत्र्य न ठरता कर्तव्य ठरते.

७. मृग आणि ध्रुव : जोडणीची दोन उदाहरणे

दोन आकाशांचा सांधा परंपरेतच कसा तयार असतो, हे दोन उदाहरणांनी पाहता येईल.

मृग नक्षत्रातील ओळीने आलेले तीन तारे भारतीय परंपरेत हरिणाला लागलेला बाण मानले जातात. तो मारणारा व्याध जवळच तेजाने तळपतो. ग्रीक परंपरेत हेच तारे ओरायन या शिकाऱ्याचा कमरपट्टा होतात आणि व्याधाचा तारा त्याचा कुत्रा होतो. एका संस्कृतीने ज्या ताऱ्यांत शिकार पाहिली, त्यांतच दुसरीने शिकारी पाहिला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली आपल्या 'ओरायन' या ग्रंथात याच नक्षत्राच्या आधारे वेदकालाची चर्चा केली. मुलाला ही तुलना सांगितली की ताऱ्यांच्या आकृती आकाशात नसून पाहणाऱ्यांच्या मनात असतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मराठी घरात मात्र मृग आकाशाआधी पावसात भेटतो. जूनच्या सात-आठ तारखेला 'मृग लागला' असे म्हणतात आणि शेतकरी आभाळाकडे पाहतो. चिकित्सक मूल विचारील की मृग लागला तर रात्री हरीण दिसत का नाही? हरीण दिसते ते थंडीच्या रात्री. उत्तर असे की जूनमध्ये सूर्य मृगाच्या दिशेला असतो. हरीण दिवसा आकाशात असते आणि सूर्याच्या उजेडात लपते. खोलीच्या मध्यभागी दिवा ठेवावा, चार भिंतींवर चार नक्षत्रांची चित्रे लावावीत आणि मुलाला दिव्याभोवती फिरायला सांगावे. दिव्याआड जे चित्र येईल ते त्याला नीट दिसणार नाही. अर्धी फेरी झाली की तेच चित्र त्याच्या पाठीमागे, अंधाराच्या बाजूला, येईल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा हा पडताळा आजोबांच्या तोंडी असलेल्या एका वाक्यातून निघतो.

दुसरे उदाहरण ध्रुवाचे. ध्रुवबाळाच्या कथेत त्याला अढळपद मिळते आणि उत्तरेचा तारा जागचा हलत नाही, हे निरीक्षण मुलाला कथेतून आधीच मिळालेले असते. परंतु ध्रुव क्षितिजाच्या किती वर दिसतो, हे पाहणाऱ्याच्या अक्षांशावर अवलंबून असते. मुंबईत तो सुमारे १९ अंशांवर, दिल्लीत साडेअठ्ठावीस अंशांवर, श्रीनगरला ३४ अंशांवर, तर कन्याकुमारीला आठ अंशांवर क्षितिजालगत असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे वडिलांच्या बदलीमुळे मुंबईहून दिल्लीला आलेल्या मराठी मुलाचा ध्रुव जवळजवळ एक मूठ वर चढलेला असतो. पृथ्वी सपाट असती तर इतक्या दूरच्या ताऱ्यात असा फरक पडला नसता. अढळ तारा हलला नाही. आपण गोल पृथ्वीवरून सरकलो. स्थलांतर ही येथे उणीव न राहता पुरावा होते. घराबाहेर, भाषेबाहेर वाढणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या प्रवासातून मिळणारा हा पुरावा कोणत्याही पाठापेक्षा मोलाचा आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, नात्याची भाषा ही विज्ञानाची विरोधक नाही. ती पहिली पायरी आहे. चांदोमामाला हद्दपार करणे जितके अनावश्यक, तितकेच त्याच्यापाशी थांबणेही अपुरे. दुसरी, 'ग्रह', 'वेध', 'अवकाश', 'मृग' या शब्दांत जुने आणि नवे दोन्ही अर्थ नांदत असल्यामुळे प्रादेशिक भाषेतील खगोललेखन इंग्रजीच्या अनुवादापुरते राहिले, तर या शब्दांतील साठा वाया जातो. तिसरी, या लेखनाचे मोल माहितीच्या ताजेपणावर ठरवता येत नाही. ते कोण कोणाशी कोणत्या नात्याने बोलतो यावर ठरते, आणि हा निखळ वाङ्मयीन निकष आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. त्याची अंमलबजावणी कशी व किती होईल, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांपर्यंत तो लाभ शाळेतून पोहोचणे अवघडच दिसते. त्यांच्यासाठी घरच्या भाषेतील पुस्तक आणि घरचे माणूस हाच मार्ग उरतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी निरनिराळ्या भारतीय भाषांतील अशा पुस्तकांच्या उपमा, संबोधने आणि परिभाषा शेजारी ठेवून पाहिल्या, तर एका भाषेला सापडलेली युक्ती दुसरीच्या उपयोगी पडेल. बंगालीतील 'लोक', तमिळमधील मोकळ्या जागेची कल्पना, उर्दूतील प्रवासी आणि मराठीतील वेध हे शब्द एकाच आकाशाविषयी बोलतात. संध्याकाळी पश्चिमेला चमकणाऱ्या बिंदूकडे बोट दाखवून 'ही शुक्राची चांदणी, हीच तुझ्या पुस्तकातली व्हीनस, आणि ती तारा नसून आपल्या पृथ्वीसारखा एक ग्रह आहे' एवढे वाक्य मुलाला कोणीतरी त्याच्या भाषेत सांगावे, इतकीच या साऱ्या खटाटोपाची अपेक्षा आहे.